अंतराळवीरांच्या पेडलमधून वीज: प्रकल्प मांडण्याआधी या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसायला लागल्यापासून एक प्रकल्प मला दरवर्षी भेटतो. स्टँडवर चढवलेली जुनी सायकल, मागच्या चाकाला टेकवलेला डायनॅमो नाहीतर भंगारवाल्याकडून आणलेली मोटर, हँडलला गुंडाळलेली एलईडीची माळ, आणि मागच्या कार्डशीटवर रंगवलेलं अंतराळ स्थानक. मथळा ठरलेला: 'अंतराळवीरांच्या व्यायामातून मोफत वीज'. मुलं जीव तोडून पेडल मारतात, माळ लागते, पालक फोटो काढतात.

कल्पनेत खोट नाही. वजनरहित अवस्थेत व्यायाम केला नाही तर कंबर-मांडीची हाडं महिन्याला एक ते दीड टक्क्याने विरळ होतात. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर प्रत्येकाचे दिवसाचे दोन-अडीच तास व्यायामासाठी राखलेले असतात. यंत्र लावणं-आवरणं आणि अंग पुसणं त्यातच आलं. एवढी मेहनत रोज होतेच आहे, तर तिच्यातून काही पदरात पाडून घ्यावं असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण हिशेब मांडायला बसलं की आठवीतल्या मुलांचा पाय जिथे घसरतो तिथेच इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टांचाही घसरतो. त्या जागा दाखवतो. काही चुका मॉडेलच्या आहेत, काही आकडेमोडीच्या, आणि एक मुळातल्या विचाराची आहे. ती सगळ्यात महागात पडते.

'रोज १५० वॉट' असं लिहिणं

पोस्टरवर हे वाक्य दिसलं की मी पेन खाली ठेवतो. वॉट हा वेग आहे, वॉट-तास हा साठा. नळातून मिनिटाला किती लिटर येतं आणि बादलीत किती जमलं, यात जेवढा फरक तेवढाच इथे. 'रोज १५० वॉट' म्हणणं म्हणजे 'माझी गाडी रोज ताशी ६० किलोमीटर जाते' म्हणण्यासारखं आहे. किती वेळ, ते सांगा.

आता खरा हिशेब करू. स्थानकावरच्या 'सेव्हिस' नावाच्या सायकलवर साधारण २५ ते ३५० वॉटपर्यंतचा भार लावता येतो. एका माणसाने अर्धा तास १५० वॉटने पेडल मारलं तर ७५ वॉट-तास होतात. स्थानकावर सात जण असतात असं धरा: ५२५ वॉट-तास. जनरेटर, रेक्टिफायर (उलटसुलट वीज एका दिशेची करणारा भाग), व्होल्टेज बदलणारं सर्किट, बॅटरी यांत मिळून तीस टक्के गळती धरली, आणि ती उदारपणे धरली आहे, तर हातात उरतात ३७० च्या आसपास. साधारण एक तृतीयांश युनिट.

स्थानकाचे सौर पंख मिळून ८४ ते १२० किलोवॉट वीज देऊ शकतात. ८४ चाच आकडा घेतला, तरी सात माणसांचा दिवसभराचा घाम त्या स्थानकाला सोळा सेकंद पुरतो.

सोळा सेकंद. हा आकडा पोस्टरवर लिहायला मुलं तयार नसतात. मी म्हणतो, हाच लिहा. परीक्षक थांबून वाचेल.

मल्टिमीटरवर २४ व्होल्ट दिसले म्हणजे काम झालं असं समजणं

ही मॉडेलमधली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. मोटरच्या दोन वायरींना मीटर लावायचा, पेडल मारायचं, मीटर २४ दाखवतो, टाळ्या. मग बल्ब जोडला की मीटर सातवर येतो आणि पेडल मारणारा मुलगा पुढे झुकतो, कारण पाय अचानक जड झालेले असतात.

मोटर बिघडलेली नाही. भार नसताना मोजलेला व्होल्टेज काहीच सांगत नाही. वायरीतून प्रवाह वाहत नाही तोवर कामही होत नाही. एक करा. एलईडीची माळ बाजूला ठेवा आणि गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब आणा. तो भार म्हणून जोडा. बल्बच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा, वायर तोडून मधे अँपिअर मोजा, दोन्हींचा गुणाकार करा. तुमचे वॉट ते. एक बल्ब तेजीत लागला तर दुसरा समांतर जोडा, मग तिसरा. कितव्या बल्बला पाय बोलायला लागतात ते वहीत लिहा. हे असलं पान मला दहा रंगीत चार्टपेक्षा जास्त आवडतं.

दिवा मंद-तेज होत असेल तर तोही दोष नाही. प्रत्येक फेरीत पाय दोनदा जोर लावतात, एकदा डावा, एकदा उजवा. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर सेकंदाला दोन धक्के होतात. मधे मोठा कपॅसिटर टाका नाहीतर चाकाला जड कडं लावा, म्हणजे दिवा स्थिर राहील. आणि सायकलचा बाटलीसारखा जुना डायनॅमो वापरत असाल तर लक्षात ठेवा, तो ६ व्होल्ट ३ वॉटचा आहे आणि वीज उलटसुलट दिशेची देतो. मधे रेक्टिफायर नसेल तर एलईडी लुकलुकणारच. तीन वॉटच्या डायनॅमोवर 'स्थानक उजळवा' असा मथळा टाकू नका, एवढंच.

'मोफत' हा शब्द

आता ती महागातली चूक.

माणसाचा स्नायू हे वीस ते पंचवीस टक्के कार्यक्षमतेचं इंजिन आहे. पेडलवर १०० वॉट-तासांचं काम झालं तर शरीरात किमान ४०० वॉट-तासांचं इंधन जळालेलं असतं. म्हणजे सुमारे ३४५ किलोकॅलरी, बिस्किटांचा एक बऱ्यापैकी पुडा. ती बिस्किटं पृथ्वीवरून रॉकेटने वर गेलेली असतात. इथवर बहुतेक मुलं येतात. हुशार मुलं 'अन्नाचा खर्च' अशी एक ओळही टाकतात.

ऑक्सिजनचा खर्च मात्र अजून मी एकाही पोस्टरवर पाहिलेला नाही.

शरीर एक लिटर ऑक्सिजन वापरतं तेव्हा साधारण २० किलोज्यूल ऊर्जा सुटते. वरच्या ४०० वॉट-तासांना, म्हणजे १४४० किलोज्यूलना, ७२ लिटर ऑक्सिजन लागला. वजनात शंभर ग्रॅमपेक्षा थोडा जास्त. स्थानकावर ऑक्सिजन मुख्यतः पाणी विजेने फोडून तयार करतात. एवढा ऑक्सिजन काढायला अर्धा कप पाणी आणि, चांगल्यातलं चांगलं यंत्र धरलं तरी, ५०० वॉट-तासांच्या घरात वीज लागते.

पुन्हा वाचा. पेडलवर १०० वॉट-तास मिळवायला श्वासासाठीच ५०० वॉट-तास मोजले. जनरेटरची गळती अजून धरलेलीच नाही. श्वासातून बाहेर पडलेला सव्वाशे ग्रॅमच्या आसपासचा कार्बन डायऑक्साइड हवेतून गाळायला लागणारी वीज वेगळी, अंगातून निघालेली तीनशे वॉट-तासांची उष्णता स्थानकाबाहेर फेकायला चालणारे पंखे आणि पंप वेगळे.

इथे एक हुशार मूल हात वर करतं: "पण सर, व्यायाम तर ते करणारच आहेत. ऑक्सिजन तर जाणारच आहे."

बरोबर. आणि याच फरकावर सगळा प्रकल्प उभा आहे किंवा पडतो. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम होणारच असेल, तर त्यातून गळणारं थोडं पकडणं हा भंगार वेचण्याचा उद्योग झाला. त्यात चूक काही नाही. पण 'विजेसाठी अर्धा तास जास्त पेडल मारूया' असं म्हटलं, की स्थानक तोट्यात गेलं. पोस्टरवर 'स्रोत' हा शब्द असेल तर तो खोडा. अंतराळवीर हा विजेचा स्रोत नाही, विजेचं गिऱ्हाईक आहे, आणि पेडल मारताना तर तो नेहमीपेक्षा मोठं गिऱ्हाईक असतो.

माझ्या विरोधात जाणारी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी ती शोधून काढेलच. एक किलो कोरडं अन्न आणि ते जाळायला लागणारा किलोभर ऑक्सिजन, दोन्ही मिळून पेडलवर हजारभर वॉट-तास देऊ शकतात. दोन किलोची लिथियम बॅटरी एका चार्जमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास देते. म्हणजे वजनाच्या हिशेबात पोळीभाजी बॅटरीला मागे टाकते. पण पोळीभाजी पुन्हा चार्ज होत नाही आणि बॅटरी हजारो वेळा होते. स्थानक दर दीडेक तासाला पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, त्यातला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ ते अंधारात असतं. बॅटरी रोज पंधरा-सोळा वेळा रिकामी व्हायला आणि भरायला तयार लागते. तिथे जेवणाचा डबा कामाचा नाही.

'आणीबाणीत तरी उपयोग होईल' हा आडोसा

हिशेब हरला की मुलं इथे पळतात. म्हणून दोन खऱ्या आणीबाण्या बघू.

१४ मे १९७३ ला अमेरिकेचं स्कायलॅब हे अंतराळ स्थानक उडालं तेव्हा वर जाताना त्याचा संरक्षक पत्रा फाटला, एक मोठा सौर पंख तुटून गेला आणि दुसरा पत्र्याच्या पट्टीत अडकून बसला. आत व्यायामाची सायकल होती. जनरेटर म्हणून ती कामाची नव्हती, कारण खड्डा किलोवॉटचा होता आणि माणूस शंभर-दीडशे वॉटचा. ७ जूनला पीट कॉनराड आणि जो केरविन यांनी बाहेर जाऊन ती पट्टी कापली, अडकलेला पंख उघडला आणि वीज आली. त्याच पहिल्या मुक्कामात सायकलवर बसण्याचीही पंचाईत झाली होती. अंगाला बांधायचे पट्टे मदत करण्याऐवजी आडवेच येत होते, शेवटी ते बाजूला ठेवून त्यांनी आपली पद्धत शोधली. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

दुसरी अपोलो १३, एप्रिल १९७०. इथे प्रकरण जास्त मजेदार आहे, कारण आकडा खरोखर माणसाच्या आवाक्यात येतो. मुख्य यान निकामी झाल्यावर तिघांनी चंद्रावर उतरण्यासाठी नेलेल्या छोट्या यानात आसरा घेतला, आणि परतीच्या प्रवासात त्याची वीज इतकी काटकसरीने वापरली की सगळं यान बारा अँपिअरच्या आसपास चाललं, म्हणजे साधारण साडेतीनशे वॉट. तिघांनी मिळून पेडल मारलं असतं तर कागदावर जमलंही असतं! पण त्या यानात माणसांना मारायला निघालेली गोष्ट कुठली होती? कार्बन डायऑक्साइड. दोन माणसांसाठी बनवलेल्या यानात तिघे श्वास घेत होते आणि मुख्य यानातल्या हवा शुद्ध करणाऱ्या चौकोनी डब्या इथल्या गोल भोकात बसवायला पुठ्ठा, प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून जुगाड करावा लागला. शांत बसलेला माणूस शंभरेक वॉटने जळतो. १०० वॉटचं पेडल मारणारा चारशेच्या वर जळतो. हवा चौपट वेगाने खराब झाली असती. अशा आणीबाणीत अंतराळवीराने हालचाल कमीच करायला हवी.

पट्ट्यावर धावणं म्हणजे वीज, हा समज

ट्रेडमिलवर लिहिलेल्या कॅलरींचे थेट वॉट-तास करून टाकणारे रिपोर्ट मी पाहिले आहेत. त्या कॅलरी माणसाने जाळल्या, पट्ट्याला दिल्या नाहीत. सपाट पट्ट्यावर एकाच वेगाने धावताना पाय एका क्षणी ढकलतात आणि पुढच्या क्षणी रोखतात, जमाखर्च जवळपास शून्य होतो. बाकी सगळं अंगात उष्णता होऊन बसतं. शिवाय स्थानकावरचा 'टी-टू' पट्टा सहसा मोटरवर फिरतो, म्हणजे तो वीज खातो.

वीज काढायची तर पट्ट्याला ब्रेक लावावा लागेल. ताशी आठ किलोमीटरने धावताना ७५ वॉट हवे असतील तर धावणाऱ्याला सतत साडेतीन किलोचा ओढा मागे खेचत राहणार, म्हणजे चढ चढल्यासारखं. धावण्याची ढबच बदलेल. आणि धावण्यातून हाडांना जे हवं असतं तो टाचेचा दणका आहे, ओढा नव्हे. त्या दणक्यासाठीच धावणाऱ्याला खांद्या-कमरेच्या पट्ट्यांनी ट्रेडमिलकडे खेचून धरतात. १६ एप्रिल २००७ ला सुनीता विल्यम्स यांनी बॉस्टन मॅरेथॉन स्थानकावरच पळून पूर्ण केली, चार तास चोवीस मिनिटांत, ती अशीच बांधून घेऊन. ते पट्टे खांद्याला आणि कमरेला कसे काचतात याबद्दल अंतराळवीर आजही कुरकुरतात. त्यांच्यावर वर आणखी साडेतीन किलो चढवायचे आणि मिळणार काय, तर एक टेबलफॅन.

वजन उचलण्यातला खाली येण्याचा भाग विसरणं

ही चूक वरवर लहान दिसते, पण यंत्राची रचना हिच्यावर कोसळते. म्हणून जरा थांबून बघू.

स्थानकावरचं वजनाचं यंत्र, 'एरेड', २००८ मध्ये वर गेलं. वजनरहित जागी लोखंडाच्या चकत्या निरुपयोगी, म्हणून त्यात दोन मोठे सिलिंडर आहेत. दांडा उचलला की दट्ट्या निर्वाताविरुद्ध ओढला जातो. सोडला की निर्वात तेवढ्याच जोराने दांडा परत खाली खेचतं. भार ६०० पौंडांपर्यंत, म्हणजे २७० किलोपर्यंत लावता येतो. आकडा राक्षसी वाटतो, पण जमिनीवर बैठका मारताना आपण दांड्याबरोबर स्वतःचं सत्तर किलोचं शरीरही उचलतो हे विसरू नका. वर ते सत्तर किलो गायब असतात, ते दांड्यावर चढवावे लागतात. आधीच्या यंत्रात रबराच्या ताणावर ३०० पौंडांपर्यंतच जाता यायचं आणि तेवढ्याने हाडांची झीज थांबत नव्हती.

आता दांडा वर जाताना माणूस काम करतो, खाली येताना यंत्र ते काम परत करतं आणि माणूस ते सावकाश झेलतो. हे झेलणं स्नायू-हाडांसाठी उचलण्याइतकंच मोलाचं आहे. व्यायामशाळेत दादा ओरडतात ना, 'खाली सोडू नको, आण!' तेच.

तुम्ही सिलिंडरच्या जागी जनरेटर बसवलात की वर जाताना भार मिळतो, ऊर्जा वायरीतून निघून जाते, आणि खाली येताना परत द्यायला काही उरत नाही. दांडा हवेत लटकतो. झेलणं संपलं, अर्धा व्यायाम संपला. खाली येताना भार हवा तर जनरेटरला मोटर म्हणून उलटं चालवावं लागेल, म्हणजे घेतलेली वीज परत द्यावी लागेल.

आणि एवढं करून मिळतं किती? शंभर किलोचा भार साठ सेंटिमीटर उचलला की सुमारे ६०० ज्यूल. चाळीस वेळा उचलला तर २४ हजार ज्यूल, साडेसहा वॉट-तास. मोबाइलची बॅटरी एक तृतीयांश भरेल. त्या एक तृतीयांशासाठी हाडं पणाला लावू नका.

(राकेश शर्मांनी १९८४ मध्ये सॅल्यूत-७ वर योगासनं केली होती. शवासनातून वीज काढण्याचा प्रकल्प अजून कुणी आणलेला नाही, पण मी वाट बघतोय.)

बॅटरी भरल्यावर काय होतं ते न तपासणं

मॉडेल तासभर नीट चालतं आणि परीक्षक समोर आला की पेडल एकदम हलकं होऊन पाय सटकतात. मुलं चेन तपासतात, ग्रीस लावतात. चेन ठीक असते. सकाळपासून पेडल मारून बॅटरी भरलेली असते, चार्जिंग सर्किटने प्रवाह तोडलेला असतो आणि प्रवाह गेला की भार गेला.

प्रदर्शनात हा विनोद होतो, वर तो गंभीर दोष आहे. अंतराळवीराच्या व्यायामाचा भार डॉक्टरी चिठ्ठीसारखा ठरलेला असतो: इतके मिनिटं, इतके वॉट. बॅटरीच्या मर्जीने तो वर-खाली झाला तर चिठ्ठीला अर्थ उरत नाही. उपाय सोपा आहे. बॅटरीशेजारी एक जाडजूड रेझिस्टर (वीज उष्णतेत जिरवणारा भाग) ठेवा आणि बॅटरी नको म्हणाली की सर्किटने प्रवाह तिकडे वळवावा. पायांना कळतासुद्धा कामा नये. उलट दिशेची तपासणीही करा: बॅटरी पूर्ण रिकामी असताना पेडल सुरुवातीला अंगावर येतं का? तसं असेल तर सुरुवातीचा प्रवाह बांधून घ्या.

रेझिस्टर तापणार. जमिनीवर गरम हवा वर जाते आणि तो आपोआप थंड होतो. वजनरहित जागी गरम हवा जिथल्या तिथे बसून राहते. पंखा लावावा लागेल. पंख्याला वीज लागेल. असो.

सायकल भिंतीला घट्ट बोल्टने ठोकणं

आराखड्यांत जनरेटर सरळ स्थानकाच्या भिंतीला जखडलेला असतो. स्थानकावर असे प्रयोग चालू असतात ज्यांना बारीकशी थरथरही खपत नाही, म्हणून तिथली सायकल, पट्टा, वजनाचं यंत्र हे सगळं झटके शोषणाऱ्या आधारांवर बसवलेलं असतं. सायकलला बैठकही नसते. बूट पेडलमध्ये अडकवायचे आणि तरंगत पाय मारायचे. स्कायलॅबवाल्यांना पट्टे नकोसे झाले होते ते आठवलं?

यातला लपलेला भाग म्हणजे केबल. यंत्र स्प्रिंगवर झुलतं ठेवलं आणि त्यातून वीज बाहेर न्यायला जाड ताठ केबल काढली, तर थरथर स्प्रिंग सोडून केबलमधून पलीकडे जाते. वीज बाहेर नेणारी प्रत्येक वायर ही झटक्यांनाही वाट करून देते. वीज यंत्रातच वापरली तर हा प्रश्नच उरत नाही. आणि खरं उत्तरही त्याच बाजूला आहे.

अंगाच्या उष्णतेच्या मागे लागणं

पंचाहत्तर टक्के उष्णतेत जातं म्हटल्यावर कुणीतरी उष्णतेची वीज करणाऱ्या चकत्या अंगाला चिकटवतं. अंग ३७ अंश, खोली २५. एवढ्याशा फरकातून आदर्श यंत्रालासुद्धा चार टक्क्यांच्या वर मिळत नाही, प्रत्यक्षात त्याचाही तुकडाच हाती लागतो. सोडून द्या.

व्यायामातून खरंच वसूल होण्यासारखी वस्तू वेगळीच आहे: घाम. वर तो टपकत नाही, अंगाला जाड थर होऊन चिकटतो, टॉवेलने टिपावा लागतो, तिथून वाळून हवेत जातो. हवेतला ओलावा गोळा करून त्याचं पिण्याचं पाणी होतं. २०२३ मध्ये नासाने स्थानकावरच्या पाण्याची ९८ टक्के वसुली करून दाखवली. प्रकल्पाला विषय हवाच असेल तर हा घ्या, यात वीज काढण्यापेक्षा खूप काही आहे.

मग नेमकं काय मांडायचं?

यंत्राने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा. एवढीच मागणी करा. पेडलमधून आलेल्या पाच-दहा वॉटवर त्याच यंत्राचा पडदा, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, घामावर वारा घालणारा छोटा पंखा चालू द्या. उरलेलं रेझिस्टरमध्ये जाऊ द्या आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बाहेर केबल नाही, स्थानकाच्या १२० व्होल्टच्या वाहिनीशी जुळवाजुळव नाही, माणसांच्या खोलीत जादा लिथियम बॅटरी ठेवण्याची परवानगी मागायला नको. वर जनरेटरचे व्होल्ट आणि अँपिअर म्हणजे आयतं मोजमाप: पाय किती जोर लावतात ते क्षणाक्षणाला डॉक्टरांना कळेल. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ती सर्वांत किमती गोष्ट आहे.

चंद्राकडे जाणाऱ्या ओरायन यानासाठी बनवलेलं व्यायामाचं यंत्र बघा. सुमारे १४ किलो वजन, हातसामानाच्या बॅगेएवढं. आत एक फ्लायव्हील, म्हणजे फिरणारं जड चाक, आणि त्याला गुंडाळलेली दोरी, आपल्या यो-योसारखी. जितक्या जोराने ओढाल तितक्याच जोराने ते परत खेचतं, ४०० पौंडांपर्यंत. म्हणजे खाली येतानाचा भारही जागेवर. यानाचे सौर पंख ११ किलोवॉट देतात, त्यात पेडलच्या शंभर वॉटची भर टाकण्यापेक्षा यंत्राला वीज लागू न देणं जास्त शहाणपणाचं, हे बनवणाऱ्यांनी ओळखलं. आपल्या गगनयानासारख्या तीन दिवसांच्या फेरीत तर हाडांच्या झिजेचा प्रश्न उभा राहायच्या आतच माणसं परत येतात, तिकडे हा प्रकल्प नेऊ नका.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. तिने दोन महिने खपून सायकल बनवली होती. "मग सर, मी हे काढून टाकू?"

"काढू नको. बाजूला एक हिशेब लाव." आम्ही तिथेच टेबलावर बसून तो केला. अंतराळात एक चौरस मीटरवर १३६१ वॉट ऊन पडतं. तीस टक्के कार्यक्षमतेचे सौर घट असले तर ४०८ वॉट. फेरीतला साठेक टक्के वेळ ऊन धरलं तर दिवसाला पावणेसहा-सहा युनिट. तिच्या सात अंतराळवीरांचे ३६७ वॉट-तास मिळवायला त्या घटांचा किती तुकडा लागेल? तिने भागाकार केला, पुन्हा केला, मग माझ्याकडे बघितलं. ०.०६२ चौरस मीटर. शेजारी प्रवेशपत्रिकेचा ए-फोर कागद पडला होता. तिने पट्टी लावून मोजला, २१ गुणिले २९.७.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या हँडलला काळ्या कार्डशीटचा एक ए-फोर तुकडा क्लिपने लटकवलेला होता. खाली स्केचपेनने लिहिलं होतं, 'सात माणसं = हा कागद'. लोक पेडल मारायला रांगेत उभे होते आणि दमले की कागदाकडे बघून हसत होते.